विरजण आणि दूध

(चारकोप येथील स्मृती-व्याख्यानमालेत एका आहारतज्ज्ञ महिलेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो, त्यांचं नाव मी घेणार नाही. भाषणात स्वतःचं नाव ऐकलं की त्या उठून चहा टाकायला जायच्या. आख्खं चारकोप त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. मीही तेच म्हणते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 1980च्या दशकात ही वसाहत आखली गेली. लहान लहान प्लॉट, मध्ये चौक, चौकाभोवती साधारण 35 घरं आणि त्यांची एक सहकारी सोसायटी. बाई अशाच एका चौकात राहायला आल्या. दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून घरी आल्या की दारात चपलांचा ढीग असायचा. कुणाचं बाळ दूध ओढत नाही, कुणाचे पाय सुजलेत, कुणाच्या हातात रिपोर्ट आहे आणि वाचून दाखवायला कुणी नाही. बाई रिपोर्ट हातात घ्यायच्या, पण वाचायच्या नंतर. आधी विचारायच्या, "सकाळपासून काय काय खाल्लंस, ते सांग." मी तेव्हा आहारशास्त्र शिकून नुकती कामाला लागले होते. माझ्याकडे तक्ते होते, कॅलऱ्यांचे आकडे होते. हा प्रश्न मात्र नव्हता. तो मी बाईंकडून उचलला आणि आजवर त्याच्यावरच माझं काम चाललंय.

आजचा विषयसुद्धा एका प्रश्नातूनच आला.

मागच्या मे महिन्यात इथल्याच एका सेक्टरमध्ये डोहाळजेवणाला गेले होते. सातवा महिना. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, सगळं रीतसर. ओटी भरून झाली आणि झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. मुलीने एक वाटी उघडली, पेढा निघाला, टाळ्या झाल्या. पेढा हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, कारण आठवड्यापूर्वीच तिच्या रिपोर्टात शुगर आली होती आणि ती माझ्याकडे येऊन गेली होती. तेवढ्यात तिच्या आईने, त्या कणकवलीहून आल्या होत्या, पर्समधून कॅप्सूलचं पाकीट काढलं. "मॅडम, ह्या प्रोबायोटिकच्या आहेत. पोटातले चांगले जंतू वाढवतात, त्याने शुगर उतरते म्हणे. ही घेतली तर पेढा चालेल ना?"

पाकीट मी हातात घेतलं. चंदेरी पत्र्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत जिवाणूंची नावं होती, अब्जांत त्यांची संख्या होती आणि खाली सूचना होती: 25 अंशांच्या खाली, कोरड्या जागी ठेवा. ते पाकीट मे महिन्यातल्या कोकण रेल्वेच्या डब्यातून, पर्समध्ये बसून आलं होतं. पेढ्याचं उत्तर मी तेव्हा दिलं, "अर्धा, आणि जेवणानंतर लगेच नको." कॅप्सूलचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. ते आज देते.

साखर का चढते?

पोटुशी बाईला शुगर निघाली की घरात पहिला संशय तिच्या जिभेवर येतो. "आंबे खाल्लेस, म्हणून." दुसरा संशय माहेरच्या रक्तावर. त्यामुळे आधी हे स्पष्ट करते की दिवस गेल्यावर शरीर स्वतःहूनच साखरेचा हिशेब बदलतं. वार, म्हणजे प्लासेंटा, अशी संप्रेरकं सोडते की आईच्या पेशी इन्शुलिनचं नीट ऐकेनाशा होतात. हेतू चांगला असतो. आईने साखर पटकन वापरून टाकली नाही तर ती रक्तात थोडी जास्त वेळ राहते आणि बाळाला मिळते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन करून हा तोल सांभाळतं. ज्यांचं पुरं पडत नाही, त्यांची साखर हद्द ओलांडते. त्यालाच आपण गरोदरपणातला मधुमेह म्हणतो.

आपल्याकडे हे जास्त का होतं, याचा मोठा धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993मध्ये पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं 3.5 किलोची होती. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखून होती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. याज्ञिकांनी हेच स्वतःच्या शरीरावरही दाखवलं. 2004मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. म्हणजे "आमची सून तर काडीसारखी आहे, तिला कसली शुगर?" या वाक्याला आधार नाही. हा फोटो लक्षात ठेवा, पुढे कॅप्सूलच्या हिशेबात तो पुन्हा लागणार आहे.

चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तमिळनाडूत त्यांनी केलेल्या पाहणीत शहरात 17.8 टक्के, निमशहरी भागात 13.8 टक्के आणि खेड्यांत 9.9 टक्के गरोदर बायकांना हा त्रास निघाला. शहराकडे सरकावं तसा आकडा चढतो. 10 मार्च हा शेषय्यांचा जन्मदिवस आपल्याकडे या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या गटाने पुढे आणलेली साधी तपासणी आता सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज, 300 मिलिलिटर पाणी, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा वर आली तर आजार धरायचा. उपाशीपोटी यायची सक्ती नाही. विरारहून वा बदलापूरहून गाडीला लटकत येणाऱ्या पोटुशीला उपाशी बसवायचं नाही, एवढा व्यवहार या तपासणीत आहे. पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा एकदा, अशी ती दोनदा करायची.

ते पाणी प्यायल्यावरचे दोन तास मात्र कठीण. गोड इतकं की मळमळतं. बाई बाकावर शेजारी बसून राहायच्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, म्हणून त्या पोरींना बोलण्यात गुंतवायच्या.

पोटातली वस्ती

आता जंतूंकडे वळू. आपल्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू असतात. बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा कोंडा, साली, भाजीचे दोरे हे त्यांचं जेवण. ते खाऊन ते काही आम्लं तयार करतात. ती आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि इन्शुलिनला मदत करणाऱ्या संप्रेरकांना हलवतात. अस्तर विरविरीत झालं तर जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, शरीरात बारीकशी धुसफूस सुरू राहते आणि पेशी इन्शुलिनला आणखी दाद देईनाशा होतात. म्हणजे साखरेचा आणि पोटातल्या वस्तीचा संबंध आहे. कणकवलीच्या आई अगदीच हवेत बोलत नव्हत्या.

2012मध्ये ओम्री कोरेन, रूथ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 91 गरोदर बायकांची विष्ठा तपासली. पहिल्या तिमाहीत तिच्यातली जंतूंची वस्ती इतर बायकांसारखीच होती. शेवटच्या तिमाहीत वस्ती पार बदललेली. मग त्यांनी जंतूच नसलेले उंदीर घेतले. काहींच्या पोटात पहिल्या तिमाहीतले जंतू सोडले, काहींच्या शेवटच्या तिमाहीतले. शेवटच्या तिमाहीचे जंतू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले आणि इन्शुलिनला कमी दाद देऊ लागले. गरोदर नसलेल्या उंदराच्या अंगात नुसत्या जंतूंनी गरोदरपणाची काही लक्षणं आणली! यातून प्रश्न उभा राहणारच की वस्ती बदलली तर साखरही बदलेल का?

जिवाणू खाऊन तब्येत सुधारायची कल्पना जुनी आहे. 1908चं नोबेल मिळवणारे एली मेचनिकॉफ बल्गेरियातल्या खेडुतांचं आंबट दूध दीर्घायुष्याचं कारण मानायचे. 'प्रोबायोटिक' शब्दाची आज रूढ असलेली व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001मध्ये केली: पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला लाभ करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात तीन अटी आहेत. जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि लाभ दाखवलेला हवा. पर्समधल्या पाकिटाची पहिल्याच अटीला दमछाक होऊ शकते.

जंतूचा पत्ता

चौथी अट चारकोपकरांना पटकन कळेल. आपला पत्ता कसा असतो? सेक्टर, मग आरएससी नंबर, मग प्लॉट, मग घर. पाकिटावर नुसतं 'सेक्टर 3, चारकोप' लिहिलं तर पोस्टमन काय करील? जिवाणूंचंही तसंच. लॅक्टोबॅसिलस हा झाला सेक्टर. ऱ्हॅम्नोसस हा आरएससी. आणि शेवटी जीजी किंवा एचएन001 हा घर नंबर, म्हणजे वाण. एका घरातल्या माणसाने केलेलं काम शेजारच्याच्या नावावर लागत नाही. एका वाणाने लाभ दाखवला म्हणून 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच छापलेल्या कुठल्याही पाकिटाने तो दाखवला, असं होत नाही. घर नंबर छापलेला नसेल तर ते पाकीट दुकानदाराला परत द्या, एवढं तरी घरी घेऊन जा.

आता परीक्षांचे निकाल. आधी 'होऊ नये म्हणून' घेतलेल्या कॅप्सूलचे.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात 256 गरोदर बायका घेतल्या. काहींना आहाराचा सल्ला आणि दोन वाणांचे जिवाणू, काहींना सल्ला आणि नकली कॅप्सूल, काहींना काहीच वेगळं नाही. 2010मध्ये निकाल छापून आला. जिवाणू मिळालेल्यांत 13 टक्के बायकांना शुगर निघाली, बाकी दोन गटांत 36 आणि 34 टक्के. आजच्या सगळ्या जाहिरातींचं मूळ इथे आहे. न्यूझीलंडमध्ये 2017मध्ये 423 बायकांचा निकाल आला. तिथल्या देशी निकषाने 6.5 टक्क्यांच्या जागी 2.1 टक्के. पण आंतरराष्ट्रीय, अधिक कडक निकष लावला तर फरक ठामपणे सांगता येईना.

मग 2019. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये वजन जास्त असलेल्या 411 बायका, आणि वाण तुर्कूतलेच. जिवाणू घेतलेल्यांत 18.4 टक्के, नकली कॅप्सूलवाल्यांत 12.3 टक्के. उलटाच कल! फरक योगायोगाने पडला असू शकेल इतपत होता, पण फायदा काही दिसला नाही. त्याच वर्षी खुद्द तुर्कूचा दुसरा निकाल आला. 439 जास्त वजनाच्या बायका, वाण दुसरे, सोबत माशाचं तेल. शुगर रोखण्यात उपयोग शून्य.

2021मध्ये कॉक्रेन या संस्थेने असे सात अभ्यास, 1,647 बायका, एकत्र मांडून पाहिले. शुगर टळते का? सांगता येत नाही, हे त्यांचं उत्तर. सोबत एक धोक्याची घंटा होती. चार अभ्यासांतल्या 955 बायकांत, जिवाणू घेतलेल्यांना प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा गंभीर आजार, होण्याचा धोका 1.85 पट दिसला. 'नैसर्गिक आहे, घेतलं तर काय बिघडतं' असं कुणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो. काय बिघडतं ते मोजल्यावरच कळतं.

आता शुगर निघाल्यानंतरचे निकाल. थायलंडमध्ये 57 बायकांना चार आठवडे जिवाणू दिले, तर उपाशीपोटीच्या साखरेत नकली कॅप्सूलच्या मानाने साधारण 4 मिलीग्रॅमचा फरक पडला. इराणमध्येही लहान लहान अभ्यासांत इन्शुलिनचे आकडे थोडे सुधारलेले दिसले. डब्लिनमध्ये 149 बायकांत, वेगळ्या वाणाने, साखरेत काहीच फरक नाही. 2020मध्ये कॉक्रेनने असे नऊ अभ्यास जोडले, सगळ्या मिळून 695 बायका. कागदावरचे काही आकडे हलले. पण ज्याची आपल्याला खरी काळजी, म्हणजे सिझर टळतं का, बीपी नीट राहतं का, बाळ फार मोठं होत नाही ना, याचं उत्तर देण्याइतका पुरावा निघाला नाही.

4 मिलीग्रॅम म्हणजे किती? या आजारात उपाशीपोटीची साखर 95च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांची 120च्या खाली ठेवायची असते. माझ्याकडे येणाऱ्यांची जेवणानंतरची साखर पुष्कळदा 150-160 असते. तिथे 4 मिलीग्रॅम म्हणजे चाळीस रुपयांच्या उधारीत चार रुपये फेडण्यासारखं. आणि याज्ञिकांचा फोटो आठवा. मोठे अभ्यास बहुतेक वजनदार गोऱ्या बायकांवर झाले. चारकोपच्या काडीसारख्या, आतून चरबीदार सुनेला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पोटातली वस्तीही आपली वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की भारतीय आतड्यांत प्रेव्होटेला नावाच्या जिवाणूंचा भरणा मोठा असतो. हे धान्य-कडधान्यं खाणाऱ्यांच्या पोटात रमणारे जिवाणू. आपली वस्ती आपल्या ताटाने वसवलेली आहे.

मुंबईतला खाऊ

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मॅडमनी नुसता नकार दिला. मग चला वांद्र्याला, आपल्याच पश्चिम रेल्वेवर. तिथल्या 'सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज'मध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासोबत, 2006मध्ये एक प्रयोग सुरू केला. नाव 'प्रोजेक्ट सरस'. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांवर बायका, दिवस जायच्या आधीपासून. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला रोज हिरवी पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ. दुसऱ्या गटालाही तसाच दिसणारा खाऊ, पण आत बटाटा, कांदा यांसारख्या गोष्टी. घरी न्यायची परवानगी नव्हती, केंद्रावर येऊन समोर बसून खायचा. घरी नेला असता तर तो मुलांच्या नाहीतर नवऱ्याच्या पोटात गेला असता, हे योजणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मूळ प्रश्न बाळाच्या वजनाचा होता. तो निकाल संमिश्र आला. एकूण सगळ्यांत फरक दिसला नाही. गरोदरपणाच्या तीन महिने आधीपासून खाऊ खाणाऱ्यांची बाळं मात्र सरासरी 48 ग्रॅमनी वजनदार निघाली. पण साखरेची तपासणी झालेल्या 1,008 बायकांचा निकाल 2016मध्ये छापून आला, तेव्हा सगळे चकित झाले. बटाट्याच्या खाऊवाल्यांत 12.4 टक्के बायकांना शुगर, पालेभाजी-फळ-दूधवाल्यांत 7.3 टक्के. साखर हा या प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता आणि तपासणी सगळ्यांची झालेली नव्हती, हे सांगणं माझं काम आहे. तरीही ब्रिस्बेन आणि तुर्कूच्या कॅप्सूलला जे दुसऱ्यांदा जमलं नाही, ते आपल्या झोपडपट्टीत मूठभर खाऊने केलेलं दिसलं. तोही कुठल्या महागड्या कारखान्यातला नव्हता, मंडईतल्या मालाचा होता.

हे कशामुळे झालं असेल? पालेभाजीच्या चोथ्यामुळे, दुधातल्या प्रथिनांमुळे आणि बी12मुळे, की पोट भरल्यामुळे वडापाव टळला म्हणून? याचे धागे अजून सुटे करता आलेले नाहीत. अन्नाचं असंच असतं, ते एकेकटं काम करत नाही.

विरजण

मैत्रिणींनो, दही तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लावता. विरजण कितीही उत्तम असो, अगदी कवडी दह्याचं असो, पाण्यात घातलं तर लागेल का? दूध फ्रिजमधून काढून तसंच थंडगार घातलं तर? चटका बसेल इतकं कढत असताना घातलं तर? दूध हवं, कोमट हवं आणि रात्रभर कुणी पातेलं हलवायला नको. विरजण चमचाभरच लागतं, बाकी सगळं काम दुधाचं.

कॅप्सूलमध्ये समजा एक हजार कोटी जिवाणू आहेत. आकडा डोळे दिपवणारा. पण आत आधीच 38 लाख कोटी बसलेत. म्हणजे 3,800 घरच्यांमागे एक पाहुणा, तोही पोटातलं आम्ल ओलांडून जिवंत पोचला तर. पोचल्यावर त्याला खायला काय आहे? ताटात पांढरा भात, मैद्याची खारी, चहाबरोबर टोस्ट. कोंडा नाही, साल नाही, पाला नाही. म्हणजे विरजण घातलंय पाण्यात. पाहुणा दोन दिवस राहतो आणि निघून जातो. कॅप्सूल बंद केली की बऱ्याचदा तो जिवाणू शोधूनही सापडत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग घरचं दही? खा की! वाटीभर, साखर न घालता, जेवणासोबत. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, भाताची धाव ते जरा आवरतं. पण दह्याला औषध म्हणू नका. तुमच्या पातेल्यात कुठला वाण आहे आणि त्याची परीक्षा कुणी घेतली, हे कुणालाच माहीत नाही. दही हे चांगलं अन्न आहे, एवढी पदवी त्याला पुरे. श्रीखंडही दह्याचंच, असं म्हणणारी एक तरी भेटतेच, म्हणून सांगते: ते साखरेचं. ताक मात्र हवं तेवढं.

त्या मुलीला मी काय सांगितलं, ते सांगते. आईंनी कोकणातून आणलेली नाचणी माझ्या कामाला आली. सकाळी पोहे भरपूर शेंगदाणे आणि मटार घालून, पण एकच वाटी. दुपारी नाचणीची भाकरी, लाल माठ किंवा चवळीची भाजी ताटाचा अर्धा भाग, कुळथाची पिठी किंवा डाळ, एखादा बांगडा. भात अर्धी वाटी. फळ हवं, पण रस नको आणि जेवणाला जोडून नको. 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' हे आईंचं म्हणणं मी खोडलं नाही. एवढंच म्हटलं की दुसरा जीव अजून किलोभरसुद्धा नाही, त्याच्या मापाने वाढा. आणि प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चौकात फेऱ्या. चारकोपचे चौक याच कामाचे आहेत. स्नायू हलले की इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढून घेतात. कुठल्याही कॅप्सूलपेक्षा त्या फेऱ्यांचा मला जास्त भरवसा आहे.

कॅप्सूल? डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी, समजा अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबासाठी, दिली असेल तर त्यांच्या सांगण्याने घ्या. साखरेसाठी स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि एक गोष्ट अगदी कानात बसू द्या. दोन आठवडे नीट खाऊनही जेवणानंतरची साखर 120च्या वर राहिली तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन लागतं. ते कुणाचं अपयश नाही, शिक्षा तर नाहीच. 'आधी कॅप्सूल घेऊन बघते, सुई नको' म्हणून चार आठवडे गेले तर ते बाळाच्या वाढीतले चार आठवडे असतात, परत मिळत नाहीत. मला कॅप्सूलचा खरा धोका हाच वाटतो.

त्या मुलीची साखर तिसऱ्या आठवड्यात आटोक्यात आली. कॅप्सूल, भाकरी, फेऱ्या की तिची जिद्द, कशामुळे? एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे मी आत्ता तासभर सांगत आले. तेव्हा तिला माझा पुरावा करणार नाही.

सव्वा महिना

शेवटचं. बाळंतपण झालं की साखर बहुतेक वेळा आपोआप खाली येते, रिपोर्टची फाइल कपाटात जाते आणि सगळे बाळामागे लागतात. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बारसं. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दहापट असतो, असं 2020मध्ये 'बीएमजे'ने छापलेल्या एकत्रित अभ्यासात दिसलं. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन पुन्हा तपासायचं असतं. या तपासणीला येणाऱ्या बायका मी बोटांवर मोजू शकते. सासरी तिची आठवण राहत नाही, माहेरी ती कुणाला ठाऊक नसते.

बाईंनी यावर एक युक्ती काढली होती. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात. सव्वा महिना झाला की बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते, देवाला जाते. सव्वा महिना म्हणजे चाळीसेक दिवस आणि सहा आठवडे म्हणजे 42. बाई रिपोर्टच्या फाइलवर लाल पेनने तारीख घालायच्या आणि सासूला सांगायच्या, "देवळात नेणार ना तिला? मग जाताना आधी दवाखान्यात आणा. दोन तास बसवते, रक्त घेते, मग जा देवाला." पुष्कळ सासवा आणायच्या, कारण देवाची तारीख कुणी चुकवत नाही.

उद्या तुमच्या चौकात एखादीचं डोहाळजेवण असेल. पेढा-बर्फीच्या वाट्या ठेवा, फुलांची वाडी भरा, आणि तिच्या फाइलवर लाल पेनने ती तारीखही घाला. बाळ कधी होणार हे ठाऊक नसेल, तर तारखेची जागा मोकळी सोडा आणि शेजारी लिहून ठेवा: देवळाच्या आधी.